आय-१४: कायद्यात इंटरस्टेट, जमिनीवर यूएस-१९०. पाटी नेमकी कधी लागते?

प्रश्न (चौपदरी_चक्रम)

टेक्ससमध्ये कोपरस कोव्ह ते बेल्टन या साधारण २५ मैलांच्या यूएस-१९० या जुन्या महामार्गाला २०१७ साली इंटरस्टेटचा (अमेरिकेच्या प्रवेश-नियंत्रित महामार्ग जाळ्याचा) आय-१४ नंबर मिळाला. तो तुकडा बेल्टनला आय-३५ ला भिडतो आणि संपतो. पुढे कॅमरन, हर्न, ब्रायन, हंट्सव्हिल, लिव्हिंग्स्टन, वुडव्हिल असा लुइझियानाच्या हद्दीपर्यंतचा रस्ता २०१५ च्या कायद्यात आहे. २०२१ च्या कायद्याने ही साखळी मिसिसिपी आणि अलाबामातून थेट जॉर्जियातल्या ऑगस्टापर्यंत नेली. नकाशावर पाच राज्यं, पण प्रत्यक्षात बेल्टनच्या पूर्वेला ढाल आकाराची निळी-लाल पाटी कुठेच नाही.

वाहतूक अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी हे समजून घ्यायचं आहे.
१) कायद्यात नाव आलं तरी नंबर का मिळत नाही?
२) आपल्याकडच्या ‘तत्त्वतः राष्ट्रीय महामार्ग’सारखंच हे प्रकरण आहे का?
३) खेड्यापाड्यातून जाणारा रस्ता इंटरस्टेट करताना काम नेमकं कुठे अडतं?
४) कडेच्या शेतकऱ्यांना काय बदल होतो?

वर्तमानपत्री उत्तरं नकोत, ती वाचून झाली आहेत.

उत्तर १ (आखणीवाला)

चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांचा नेहमी काला होतो: कॉरिडॉर कायद्यात येणं, तुकडा इंटरस्टेट जाळ्यात सामील होणं, नंबर मंजूर होणं आणि बांधकामाला पैसा मिळणं. पहिली झाली म्हणून बाकीच्या तीन होत नाहीत.

जाळ्यात शिरायला दोन दारं आहेत. एक प्रशासकीय. राज्याने प्रस्ताव द्यायचा, रस्ता आजच इंटरस्टेटच्या निकषांत बसतो आणि जाळ्याला तर्कसंगत जोड आहे हे दाखवायचं, मग केंद्रीय महामार्ग प्रशासन, म्हणजे एफएचडब्ल्यूए, मान्यता देतं. रस्ता अजून निकषांत नसेल तर राज्य लेखी करार करून २५ वर्षांत तो निकषांवर आणण्याची हमी देऊन ‘भावी इंटरस्टेट’ हा दर्जा मिळवू शकतं. ही मुदत पूर्वी १२ वर्षं होती, २००५ च्या कायद्याने वाढवली. मुदतीत काम झालं नाही तर दर्जा काढून घेण्याची तरतूद आहे.

दुसरं दार काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं. १९९१ च्या इस्टिया कायद्यात ‘हाय प्रायॉरिटी कॉरिडॉर’ची यादी आहे आणि नंतरचा प्रत्येक मोठा रस्ते-कायदा तिच्यात भर घालतो. आय-१४ इथून आला. या यादीतल्या ज्या कॉरिडॉरला ‘भावी इंटरस्टेट’ ठरवलं आहे, त्याला तर्कसंगत जोड असल्याचं पुन्हा सिद्ध करावं लागत नाही, ते काँग्रेसने ठरवून टाकलेलं असतं. पण तुकडा निकषांवर उतरल्याशिवाय जाळ्यात जात नाही, ही अट दोन्ही दारांवर सारखीच आहे.

आधी आणखी एक अट होती: तुकडा अस्तित्वात असलेल्या इंटरस्टेटला जोडलेला हवा. जुलै २०१२ च्या कायद्याने ती सैल केली. आता २५ वर्षांत जोडायचं नियोजन असलं तरी चालतं. त्यामुळेच २०१३ मध्ये टेक्ससच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांड खोऱ्यात, आय-२ आणि आय-६९सी हे बाकी जाळ्यापासून तुटलेले तुकडे नंबरासकट उभे राहिले. बेल्टनच्या तुकड्याला या सवलतीची गरज नव्हती, कारण तो आय-३५ ला लागूनच आहे.

तुकड्याचा क्रम असा असतो. राज्याचं रस्ते खातं (टेक्ससात टीएक्सडॉट) त्या लांबीचा अभियांत्रिकी अहवाल बनवतं. त्यात प्रत्येक पूल, प्रत्येक रॅम्प (चढ-उताराची वाट), साइडपट्टीची रुंदी, वळणाची त्रिज्या, उंचीची मोकळीक सगळं येतं. जे बसत नाही त्याचं एकतर काम करायचं किंवा ‘डिझाइन एक्सेप्शन’, म्हणजे त्या निकषापुरती सूट, मागायची. अहवाल एफएचडब्ल्यूएच्या राज्यातल्या कार्यालयाकडे जातो आणि समांतर नंबराचा अर्ज आश्टोच्या (राज्यांच्या रस्ते खात्यांच्या संघटनेच्या) समितीकडे जातो. दोन्हीकडून होकार आला की राज्याचा वाहतूक आयोग आपला ठराव करतो. कोव्ह-बेल्टनचा ठराव जानेवारी २०१७ चा आहे. पाट्या त्यानंतर लागल्या.

तत्त्वतः महामार्गाशी साम्य आहे, पण अर्धंच. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याच्या कलम २(२) खाली अधिसूचना निघाली की रस्ता त्या दिवसापासून राष्ट्रीय महामार्ग, मग तो एकपदरी का असेना. नंबर आधी, रुंदीकरण मागाहून. अमेरिकेत उलट. तत्त्वतःवाल्या रस्त्यांची अडचण अशी की घोषणा झालेली, डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) अडकलेला आणि खड्डे कोणी बुजवायचे यावर सार्वजनिक बांधकाम आणि केंद्र एकमेकांकडे बोट दाखवतात. आय-१४ च्या कॉरिडॉरवर ही भानगड नाही. पाटी बदलेपर्यंत तो यूएस-१९० आहे आणि देखभाल टीएक्सडॉटचीच आहे. पाटी बदलल्यावरही त्यांचीच राहते, कारण इंटरस्टेटची मालकी राज्यांकडे असते, केंद्राकडे नाही.

उत्तर २ (मैलाचा_दगड)

नंबराबद्दल थोडी भर. सम नंबर पूर्व-पश्चिम, विषम उत्तर-दक्षिण. सम नंबर दक्षिणेकडून उत्तरेला वाढतात. आय-१० आणि आय-२० च्या मधोमध जाणारा रस्ता म्हणून १४ अगदी जागेवर बसतो. शिवाय जॉर्जिया ते मिसिसिपी या भागाचा २००५ च्या कायद्यात ‘१४ वी घटनादुरुस्ती महामार्ग’ या नावाने अभ्यास मागवला होता, त्याचाही धागा आहेच.

आश्टो नेहमी मागेल ते देत नाही. २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने मोरहेड सिटीच्या रस्त्याला आय-३६ आणि नॉरफोकच्या दिशेच्या रस्त्याला आय-८९ मागितले. हातात पडले आय-४२ आणि आय-८७. आता आय-८७ न्यूयॉर्क राज्यातही आहे आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उलट काँग्रेसने नंबरच कायद्यात लिहिला तर समितीचं काही चालत नाही. पेनसिल्व्हेनियातला आय-९९ असा कायद्यातून आला. तो जाळ्याच्या क्रमात कुठेच बसत नाही, पण कायदा तो कायदा. टेक्ससातले आय-६९ई, ६९सी, ६९डब्ल्यू हे शेपटीवाले नंबरही तसेच.

व्यवहारातली खरी डोकेदुखी मैलांच्या मोजणीची असते. एक्झिटचे (बाहेर पडायच्या वाटांचे) नंबर राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण हद्दीपासूनच्या मैलांवर ठरतात. मधला तुकडा आधी झाला आणि पश्चिमेकडची आखणी अजून पेन्सिलीत असली, तर शून्य कुठे धरायचं? अंदाज चुकला तर पुढे सगळ्या एक्झिटचे नंबर बदलावे लागतात आणि त्याबरोबर रुग्णवाहिका-पोलिसांच्या नोंदी, अपघातांच्या जुन्या नोंदींचे संदर्भ, दुकानांच्या जाहिराती सगळंच.

उत्तर ३ (साइडपट्टी)

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. काम डांबरावर क्वचित अडतं. ते अडतं ‘ॲक्सेस’वर, म्हणजे रस्त्यावर कोण कुठून चढू शकतो यावर.

निकष आधी सांगतो. लेन १२ फूट. उजवी पक्की साइडपट्टी १० फूट, डावी ४ फूट (चौपदरीसाठी). ग्रामीण भागात पुलाखालची मोकळीक किमान १६ फूट. टेक्सस आपल्या मालवाहतूक जाळ्यावरच्या नव्या पुलांना साडेअठरा फूट मागतं. मधला पट्टा ग्रामीण भागात ५० फूट, जमल्यास ६०. जागा नसेल तर मधे बॅरियर टाकून अपवादाचं प्रकरण करावं लागतं. दोन इंटरचेंजमधलं (आडव्या रस्त्याला पूल आणि रॅम्पने जोडणाऱ्या जागांमधलं) अंतर ग्रामीण भागात ३ मैल, शहरात १ मैल. आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रवेश पूर्ण नियंत्रित. एकही समपातळीवरचा चौक नाही, रेल्वे फाटक नाही, कोणाच्या शेताचं गेट थेट रस्त्यावर नाही. इंटरचेंजच्या आडव्या रस्त्यावरसुद्धा रॅम्पच्या तोंडापासून ३०० फुटांपर्यंत (शहरात १००) गेट देता येत नाही. पेट्रोल पंपवाल्यांशी वाद होतात ते याच ३०० फुटांवरून.

आता यूएस हायवेचा एक चांगला दिसणारा चौपदरी तुकडा घ्या. डिव्हायडर आहे, वेग ७० आहे, गाडीतून बघताना इंटरस्टेटच वाटतो. पण दर अर्ध्या-पाऊण मैलावर डिव्हायडरला खिंड, तिथे काउंटी (जिल्ह्याच्या) रोडचा चौक, मधेमधे शेतांची गेटं. हे सगळं बंद करायचं तर प्रत्येक चौकाचा निर्णय घ्यावा लागतो: उड्डाणपूल, इंटरचेंज, की रस्ता तिथेच तोडून गोल वळणावर संपवायचा. पैसा या निर्णयांत जातो, रुंदीकरणात कमी.

टेक्ससचं जुनं उत्तर म्हणजे फ्रंटेज रोड, आपल्या भाषेत सर्व्हिस रोड. शेतकऱ्याचा प्रवेशहक्क विकत घेण्यापेक्षा त्याच्या गेटापुढून सर्व्हिस रोड नेणं स्वस्त पडायचं, म्हणून राज्यभर तीच पद्धत रुजली. तोटा असा की रस्त्याची हद्द ३०० ते ४०० फुटांवर जाते, म्हणजे जमीन जास्त लागते. आणि ग्रामीण भागात हे सर्व्हिस रोड दोन्ही दिशांच्या वाहतुकीचे ठेवले तर एक्झिट रॅम्पवरून ताशी ५०-६० मैलांनी उतरणारी गाडी समोरून येणाऱ्या गाडीला छेदते. रात्री परका ड्रायव्हर सर्व्हिस रोडवरून चुकून एक्झिट रॅम्पवर उलटा चढतो, हाही त्यातलाच धोका. म्हणून एकतर्फी करा म्हणतात, पण एकतर्फी केला की शेजारच्या गेटाला जायला पुढच्या पुलापर्यंत जाऊन वळून यावं लागतं आणि पहिल्या जनसुनावणीत त्यावरून रणकंदन होतं.

जुन्या टोल रस्त्यांचं वेगळंच दुखणं. केंटकीने आय-६९ साठी आपले पार्कवे वापरले. ते आधीच प्रवेश-नियंत्रित होते, तरी वर्षानुवर्षं गेली. कारण टोल गोळा करणं सोपं जावं म्हणून इंटरचेंज एका नाक्याभोवती आवळलेल्या घट्ट लूपचे बांधले होते. टोल गेला, लूप राहिले. ते तोडून साध्या डायमंड आकाराचे करावे लागले, रॅम्प लांबवावे लागले, पुलांचे कठडे बदलावे लागले.

पुलांबद्दल एक सवलत लक्षात ठेवा. २०० फुटांपेक्षा लांब जुना पूल केवळ साइडपट्टी अरुंद आहे म्हणून पाडावा लागत नाही, दोन्ही बाजूंना साडेतीन फूट मिळाले तरी चालतो. नद्या ओलांडणाऱ्या कॉरिडॉरमध्ये या एका ओळीने मोठा खर्च वाचतो.

आय-१४ च्या वाटेवर खरी परीक्षा गावांची आहे. कॅमरन, हर्न. सध्याचा रस्ता गावाच्या पोटातून जातो, त्यामुळे गावाला वळसा हवाच. हर्न हे रेल्वेचं जंक्शन, तिथे रुळांवरून जायचं तर रुळापासून पुलाच्या तळापर्यंत सुमारे २३ फूट मोकळीक सोडावी लागते. सपाट मुलखात तेवढी उंची गाठायला दोन्हीकडे लांबलचक भराव येतो आणि भरावाबरोबर पाण्याचा निचरा. वळसा बहुतेक वेळा आधी दोन लेनचा बांधतात, हद्द मात्र पूर्ण रुंदीची घेऊन ठेवतात. कोपरस कोव्हचा बायपास असाच आधी दोन लेनचा झाला. दोन लेनवर इंटरस्टेटची पाटी लागत नाही, पण निदान जमिनीचा भाव चढायच्या आत हद्द हाती येते.

चौपदरी_चक्रम

हे फार उपयोगी आहे. मग सरळ नवी आखणी माळावरून का नेत नाहीत? गावं, गेटं, जुने पूल, सगळंच टळेल.

उत्तर ४ (आखणीवाला)

इंडियानाने दोन्ही करून पाहिलं. आय-६९ इव्हान्सव्हिलकडून ब्लूमिंग्टनपर्यंत कोऱ्या जमिनीवरून नेला आणि तिथून इंडियानापोलिसपर्यंत जुना एसआर-३७ हा राज्य महामार्ग सुधारला. जुन्या रस्त्याचा भाग सोपा वाटेल, पण मार्टिन्सव्हिल गावातला रस्ता २०२१ मध्ये वाहतुकीला पूर्ण बंद ठेवावा लागला. सगळी लांबी पूर्ण झाली २०२४ मध्ये. १९९१ च्या कायद्यातल्या कॉरिडॉरसाठी, एका राज्यात.

कोऱ्या आखणीत जमीन, पर्यावरण अहवाल आणि नवे पूल हे तिन्ही पहिल्या दिवसापासून लागतात आणि रस्ता पूर्ण होईपर्यंत कोणालाच काही उपयोग नाही. जुना रस्ता सुधारताना प्रत्येक तुकडा लगेच वापरात येतो. पर्यावरणाच्या नियमांतही हेच आहे: प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र उपयुक्तता आणि पटण्याजोगी दोन टोकं हवीत. पुढचा तुकडा कधीच झाला नाही तरी हा तुकडा टाकाऊ ठरता कामा नये. म्हणून गावाचा एक वळसा, एक इंटरचेंज, एक पाच-सात मैलांचा चौपदरी पट्टा असे तुकडे पडतात. लोकांना ती दिरंगाई वाटते. माझ्या मते कमी रहदारीच्या मुलखात हाच शहाणा मार्ग आहे, कारण काँग्रेसच्या नावासोबत पैसा येत नाही. इंटरस्टेटच्या कामाला केंद्राचा वाटा ९० टक्क्यांपर्यंत जातो, इतर राष्ट्रीय जाळ्यावर तो साधारण ८०. पण टक्केवारी म्हणजे जादा रक्कम नव्हे. राज्याला जो ठरलेला हिस्सा मिळतो त्यातूनच हे भागवायचं आणि टेक्ससात त्यासाठी दरवर्षी नव्याने होणाऱ्या दहा वर्षांच्या आराखड्यात ह्यूस्टन-डॅलसशी भांडायचं.

उत्तर ५ (जोड_धुरी)

एक मुद्दा कोणीच काढला नाही: वजन. पाटी बदलली त्या दिवशी ट्रकचा कायदा बदलतो.

इंटरस्टेटवर एकूण वजन ८०,००० पौंड, एका धुरीवर २०,०००, जोड धुरीवर ३४,०००, आणि वर धुऱ्यांमधल्या अंतराचं पुलाचं सूत्र. राज्याच्या इतर रस्त्यांवर विधिमंडळ जादा वजनाचे परवाने देऊ शकतं. टेक्ससात लाकूड वाहणाऱ्यांसाठी ८४,००० पौंडांचा परवाना आहे, तो इंटरस्टेटवर चालत नाही. आता आय-१४ चा पूर्वेकडचा मार्ग बघा: लिव्हिंग्स्टन, वुडव्हिल, पुढे लुइझियाना. सगळा पाइनच्या लाकडाचा मुलूख. जो रस्ता सुधारावा म्हणून लाकूडवाले आज आग्रह धरतील, त्याच्यावरूनच त्यांचा भरलेला ट्रक उद्या जाऊ शकणार नाही. तो मग काउंटीच्या अरुंद रस्त्यावर उतरतो आणि तिथले छोटे पूल खिळखिळे होतात. राज्याने डोळेझाक केली तर केंद्र मुख्य महामार्ग निधीचा निम्मा हिस्सा रोखू शकतं, त्यामुळे ‘बघू नंतर’ चालत नाही.

उपाय एकच, काँग्रेसकडून त्या रस्त्यापुरती सूट लिहून घ्यायची. विस्कॉन्सिनने आय-४१ साठी घेतली, केंटकीने पार्कवेंसाठी घेतली. शेतीसाठी पाहण्यासारखं उदाहरण आर्कान्सातलं आय-५५५. जोन्सबरोकडे जाणारा यूएस-६३ निकषांवर कधीच उतरला होता, पण सेंट फ्रान्सिस नदीच्या पूरपट्ट्यावरून ट्रॅक्टर आणि कापसाची अवजड वाहनं न्यायला जवळपास दुसरा रस्ताच नव्हता. इंटरस्टेट म्हटलं की ट्रॅक्टर बंद. म्हणून नंबर अडून राहिला. २०१५ च्या अखेरीस काँग्रेसने तेवढ्या लांबीपुरती शेतीच्या वाहनांना सूट दिली आणि २०१६ मध्ये पाट्या लागल्या. अभ्यासासाठी हेच प्रकरण घ्या, छोटं आहे आणि त्यात सगळं आहे.

उत्तर ६ (गट_नंबर)

चौथा प्रश्न, जमीन. टेक्ससपुरतं सांगतो.

आपल्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यातल्या भूसंपादनाच्या ३ए, ३डी कलमांसारखं अधिसूचना निघाली आणि जमीन सरकारजमा झाली, असं इथे होत नाही. आधी मूल्यांकन, मग लेखी देकार. पहिल्या देकारानंतर किमान ३० दिवसांनी अंतिम देकार आणि त्यावर विचाराला १४ दिवस. पटलं नाही तर राज्य कोर्टात जातं. न्यायाधीश त्याच काउंटीतल्या तीन जमीनमालकांना ‘स्पेशल कमिशनर’ नेमतात आणि ते रक्कम ठरवतात. त्यावरही हरकत घेऊन ज्युरीपुढे जाता येतं. मात्र ठरलेली रक्कम राज्याने कोर्टात भरली की खटला चालू असतानाच ताबा घेता येतो. राहत्या घरातून निघायला किमान ९० दिवसांची नोटीस लागते.

लोक चुकतात ते एकरी भावाशी झुंजत बसण्यात. मोठा आकडा बहुधा उरलेल्या जमिनीच्या नुकसानीत असतो. ८० एकरांतून ६ एकरांचा पट्टा मधून गेला, तर पलीकडच्या तुकड्याला वाट आहे का, तळं आणि विहीर कोणत्या बाजूला राहिली, जनावरं ओलांडणार कशी, कंबाइन हार्वेस्टर पुलाखालून जाईल का, याचा हिशोब मांडावा लागतो. प्रवेशाच्या नुकसानीचा मोबदला मात्र थोडंफार लांबून जावं लागतं एवढ्यावर मिळत नाही. प्रवेश ठळकपणे आणि भरीव प्रमाणात बाधित झाला हे दाखवावं लागतं. सर्व्हिस रोड मिळाला असेल तर तो दावा बराच पातळ होतो.

जनसुनावणीला मांडलेल्या नकाशावर दोन रेषा वेगळ्या बघा. एक नवीन हद्दीची, दुसरी प्रवेश-बंदीची. पहिली तुमच्या जमिनीला शिवत नसली तरी दुसरी तुमच्या गेटासमोरून जाऊ शकते. तशी ती गेली असेल तर तोंडी बोलून थांबू नका. सुनावणीनंतरच्या मुदतीत गेटाची जागा, रुंदी, त्यावरून जाणारं सगळ्यात लांब वाहन आणि हंगामात दिवसाच्या फेऱ्या एवढं लेखी द्या. प्रत्येक लेखी हरकतीला अहवालात उत्तर द्यावं लागतं. आखणी बदलणं अवघड असतं, पण गेट शंभर फूट सरकवून मिळणं किंवा सर्व्हिस रोड पुढच्या कुंपणापर्यंत वाढवून मिळणं या टप्प्यावर शक्य असतं. कंत्राट निघाल्यावर नसतं.